शिल्लक लिहू नका, काढा

शहागडला खताचं दुकान चालवणाऱ्याने, त्याला मोबाइलवर ॲप बांधून देणाऱ्या पोराने आणि जून महिन्यात त्या दुकानासमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या शेतकऱ्याने, तिघांनीही आजचं सदर वाचावं. विषय एकच आहे: दुकानात खरोखर किती गोण्या आहेत?

प्रश्न सोपा वाटतो. पण सरकारी यंत्र एक आकडा सांगतं, दुकानाचं रजिस्टर दुसरा आणि गोदामातली थप्पी तिसरा. तिन्ही आकडे एकाच मालाचे. तिन्ही वेगळे असतील तर निदान दोन खोटे आहेत, आणि त्यांची किंमत रांगेतला माणूस मोजतो.

शहागड जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातलं, गोदावरीच्या काठावरचं, धुळे–सोलापूर महामार्गावरचं गाव. पूल ओलांडला की बीड जिल्ह्याचा गेवराई तालुका लागतो. कपाशी, तूर, ऊस, मोसंबी ही या पट्ट्यातली पिकं. जायकवाडीचा डावा कालवा अंबड तालुक्यातूनच पुढे जातो. कपाशीला खत पावसाबरोबर लागतं, उसाला आणि मोसंबीला पुढेही लागत राहतं. वेळेवर न मिळालेली गोणी महिन्याने मिळून उपयोगाची नसते. म्हणून इथे साठ्याचा आकडा चुकला की कुणाच्या तरी पिकाची वेळ चुकते.

हा आकडा दुकानदाराची खासगी बाबही नाही. 1985 चा खत नियंत्रण आदेश सांगतो की किरकोळ विक्रेत्याने रोजचा सुरुवातीचा साठा आणि दर दुकानात ठळकपणे लावले पाहिजेत. 2018 पासून देशभर खतविक्रीच्या नोंदीसाठी पॉस हे सरकारी यंत्र आहे. शेतकऱ्याचा आधार क्रमांक, अंगठा, किती गोण्या, सगळं त्यात नोंदलं जातं, आणि त्याच नोंदीवर खत कंपनीला अनुदान मिळतं. युरियाची 45 किलोची गोणी शेतकऱ्याला 266 रुपये 50 पैशांना मिळते, कारण तिच्या खर्चाचा मोठा वाटा सरकार भरतं. म्हणजे प्रत्येक गोणीत जनतेचा पैसा आहे. तिचा हिशेब द्यावाच लागेल.

आकडे कुठे फाटतात? गर्दीच्या दिवशी माल आधी दिला जातो आणि अंगठे नंतर घेऊ म्हटलं जातं. ते ‘नंतर’ आठवडाभर लांबतं. तोवर यंत्रात माल दिसतो आणि गोदाम रिकामं असतं. वरून पाहणाऱ्या अधिकाऱ्याला वाटतं, दुकानात भरपूर खत आहे. मग नवा पुरवठा मागायचा कशाच्या आधारावर? आणि तपासणीला निरीक्षक आला की हाच फरक नोटिशीचं आणि परवाना निलंबनाचं कारण होतो.

या गोंधळावर उपाय म्हणून अनेक दुकानांत आता स्वतःचं ॲप येतंय. गुगलने 2020 मध्ये विकत घेतलेलं ॲपशीट, झोहोचं क्रिएटर, मायक्रोसॉफ्टचं पॉवर ॲप्स, एअरटेबल. कोड फारसा न लिहिता चार तक्ते जोडले की ॲप उभं राहतं. तालुक्याच्या ठिकाणचं पोरगं हे काम करू शकतं, आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण ॲप लवकर उभं राहिलं म्हणून हिशेब बरोबर होत नाही. तक्ते चुकीचे मांडले तर चुकीचं उत्तर आता प्रत्येक मोबाइलवर दिसतं, एवढाच फरक पडतो.

पहिली चूक ‘शिल्लक’ नावाच्या रकान्याची. मालाच्या तक्त्यात युरियासमोर शिल्लक 120 असं कुणीतरी हाताने लिहितं. संध्याकाळी ते 95 होतं, दुसऱ्या दिवशी 95 चं 110. मधल्या 15 गोण्या कुठून आल्या हे कुणीच सांगू शकत नाही, कारण जुना आकडा पुसला गेलेला असतो. हा रकाना आजच काढून टाका. शिल्लक हाताने लिहायची नसते, नोंदींतून काढायची असते. आवक वेगळ्या तक्त्यात, विक्री वेगळ्या तक्त्यात, आणि दोन्हींतली प्रत्येक ओळ मालाच्या तक्त्यातल्या एकाच ओळीशी जोडलेली. युरियाच्या सगळ्या आवकेची बेरीज, वजा सगळ्या विक्रीची बेरीज, म्हणजे शिल्लक. सुरुवातीचा साठा हीसुद्धा तारीख घातलेली आवकेची एक ओळच.

हे आपल्याकडे नवीन नाही. पेशवे दफ्तरात रोजकीर्दी आणि खतावण्या वेगवेगळ्या आहेत. एकीत दिवसाप्रमाणे घडलेलं, दुसरीत खात्याप्रमाणे लावलेलं. संगणकाच्या जगात एडगर कॉड यांनी 1970 मध्ये परस्परांशी नातं असलेल्या तक्त्यांची मांडणी सिद्धांत म्हणून प्रसिद्ध केली. नोंद एकदाच करायची आणि बेरीज हवी तेव्हा काढायची, ही शिस्त आपल्या कारकुनांच्या हाताला कधीपासूनच होती. ती मोबाइलमध्ये उतरवायला लाज कसली?

दुसरी चूक जास्त घातक, कारण ती हुशार माणूस करतो. अहवालासाठी तो आवक आणि विक्री हे दोन्ही तक्ते मालाच्या नावावर थेट एकमेकांना जोडतो आणि मग बेरीज करतो. समजा, डीएपीची आवक दोन वेळा झाली, 100 आणि 60 गोण्या. विक्री तीन वेळा झाली, 20, 30 आणि 25. आवक 160, विक्री 75, खरी शिल्लक 85. आता तक्ते थेट जोडले तर आवकेची प्रत्येक ओळ विक्रीच्या तिन्ही ओळींसमोर येते. दोनाच्या सहा ओळी होतात. आवक तिप्पट, म्हणजे 480. विक्री दुप्पट, म्हणजे 150. ॲप सांगतं, 330 गोण्या शिल्लक! गोदामात आहेत 85. एकही नोंद खोटी नाही, सूत्रात कुठे लाल खूण नाही, तरी उत्तर जवळजवळ चौपट.

उपाय एका वाक्याचा आहे: आधी प्रत्येक तक्त्याची मालनिहाय बेरीज करा, मग बेरजा एकमेकींतून वजा करा. एअरटेबलमध्ये हे काम रोलअप करतं. ॲपशीटमध्ये ‘रेफ’ प्रकारचा रकाना दिला की त्या मालाच्या जोडलेल्या ओळींची यादी आपोआप तयार होते, तिची बेरीज घ्यायची. हत्यार कुठलंही असो, क्रम हाच. मालाची संख्या कमी असतानाच दोन-तीन मालांचं उत्तर कागदावर काढून ताडून पाहा. हे न करता ॲप दुकानात लावणारा माणूस दुकानदाराला फसवतोय, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

तिसरी चूक मापाची. युरियाची गोणी 2018 पासून 50 किलोची राहिली नाही, 45 ची झाली. डीएपीची 50 चीच आहे. जुन्या सूत्रात सरसकट 50 ने गुणलं तर युरियाच्या 200 गोण्या 10 टन दिसतात. असतात 9 टन. एक टन खत हवेतून तयार झालं! ‘एकूण 300 गोण्या’ या आकड्याला तर काहीच अर्थ नाही, त्यात युरिया किती आणि डीएपी किती हे कळल्याशिवाय. गोणीचं वजन मालाच्या तक्त्यात मालासमोर लिहा, सूत्राच्या पोटात लपवू नका. औषधांचंही तेच: खोक्याने येतं, बाटलीने विकलं जातं. खोक्यात किती बाटल्या ते एकदा लिहा आणि सगळा हिशेब बाटलीत ठेवा.

चौथी चूक नावाची. एक कामगार ‘युरिया’ लिहितो, दुसरा ‘यूरिया’, तिसरा कंपनीचं नाव पुढे जोडतो. ॲपच्या लेखी हे तीन माल. एकाची आवक वाढत जाते, दुसऱ्याची विक्री. माल यादीतूनच निवडायचा, टाइप करायचा नाही, आणि प्रत्येक मालाला स्वतःचा क्रमांक द्यायचा.

पाचवी चूक हलवाहलवीची. गोदामातून दुकानात 40 गोण्या आणल्या. काही जण हे विक्रीत टाकतात, आणि शेतकऱ्याला दिल्यावर पुन्हा विक्रीत. त्याच गोण्या दोनदा वजा होतात. गोदामाला उणे 40, दुकानाला अधिक 40, एकूण साठा जिथल्या तिथे, असं मांडलं तरच ते खरं. फाटलेली गोणी, भिजलेली गोणी, परत आलेला माल, यांनाही कारणासह स्वतंत्र ओळ द्या.

सहावी चूक म्हणजे लपवाछपवी. शिल्लक उणे 6 आली की काही जण सूत्र बदलतात: शून्याखाली गेलं तर शून्य दाखव. हे करू नका. उणे शिल्लक म्हणजे आवकेचं एक चलन नोंदवायचं राहिलं, किंवा विक्री चुकीच्या मालावर पडली. ती चूक डोळ्यांसमोर आली हे चांगलंच झालं. तिच्यावर शून्य चिकटवणारा माणूस पुढचे सहा महिने अंधारात हिशेब करणार.

सातवी अडचण नेटवर्कची. पावसात नेट गेलं की नोंद मोबाइलमध्येच थांबते. दोन मोबाइल एकाच वेळी शेवटच्या पाच गोण्या विकू शकतात. म्हणून शिल्लकेच्या शेजारी शेवटची नोंद किती वाजता पोहोचली ती वेळही दाखवा. वेळ नसलेला आकडा फलकावर लावू नका.

बियाण्याबद्दल आणखी एक सांगणं आहे. जालना हा बियाण्यांचा जिल्हा. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी इथेच सुरू केली. तरी याच जिल्ह्यातल्या दुकानात कपाशीच्या पाकिटांचा हिशेब फक्त वाणाच्या नावावर ठेवला जात असेल, तर तो पुरेसा नाही. उगवण कमी झाली की तक्रारीचा आधार असतो बिल आणि लॉट नंबर. वाणाची एकूण शिल्लक 70 पाकिटं बरोबर असूनही कुठल्या लॉटची किती विकली हे कळलं नाही, तर शेतकऱ्याचा दावा तिथेच लंगडा पडतो. बेरीज लॉटनिहाय करा, मग वाणनिहाय, मग एकूण.

कुणी म्हणेल, एका दुकानाच्या गोण्यांसाठी एवढं कशाला? कारण ‘माल संपला’ हे वाक्य तपासता येत नाही तेव्हाच ते बोलणं सोपं होतं. युरियासोबत नको असलेली बाटली गळ्यात मारण्याचा, ज्याला आपण लिंकिंग म्हणतो, तो धंदा अशा धुक्यातच चालतो. प्रामाणिक दुकानदारालाही त्याच नजरेने पाहिलं जातं, कारण त्याच्याकडे दाखवायला स्वच्छ हिशेब नसतो. बरोबर बेरीज ही त्याची ढाल आहे.

म्हणून तीन मागण्या. निविष्ठा विक्रेत्यांसाठी हैदराबादच्या मॅनेज संस्थेचा ‘देसी’ हा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम आहे. त्यात एक पूर्ण दिवस साठ्याच्या हिशेबाला द्यावा, आणि तो खऱ्या चलनांवर, खऱ्या गोण्यांवर शिकवावा. ॲप बांधणाऱ्या तरुणांनी दुकानदाराला सूत्र समजावून दिल्याशिवाय पैसे घेऊ नयेत. दुकानदाराने रोज रात्री यंत्र, ॲप आणि थप्पी हे तीन आकडे एका ओळीत लिहावेत, आणि फरक असेल तर जुन्या नोंदीत खाडाखोड न करता ‘मोजणीतला फरक’ म्हणून नवी ओळ घालावी.

शेतकऱ्यांना एवढंच सांगायचं: साठ्याचा फलक पाहणं हा तुमचा हक्क आहे. फलक नसेल तर विचारा. अंगठा दिल्यावर पावती घ्या आणि तिच्यावर लिहिलेल्या गोण्या तुम्ही नेलेल्या गोण्यांएवढ्याच आहेत का ते तिथेच बघा. दुकानदारांना सांगणं आहे की खरिपाची पहिली गाडी उतरण्याआधी गोदाम एकदा स्वतः मोजा, आणि तो मोजलेला आकडा ॲपमधली पहिली ओळ म्हणून तारखेसह लिहा.