लाइनदादा

वसईकडच्या भुईगावच्या प्रत्येक आळीत एक लाइनदादा असतो. नाव पाळण्यात ठेवलेलं असो की बाप्तिस्म्याला, ते फक्त रेशनकार्डावर. आमच्या आळीतल्या दादांची सगळी नोकरी चर्चगेटला झाली. आता निवृत्त आहेत आणि जगातल्या यच्चयावत लाइनी सांभाळतात.

पावसात माडाची झावळी तारेवर पडते, आळी अंधारात बुडते आणि पहिली हाक यांचीच येते, "लाइन गेली!" महावितरणच्या लाइनमनचा नंबरही यांच्याकडेच. तासाभराने काकी आतून ओरडतात, "अहो, लाइन आली!" की दादा हंडा घेऊन नळाकडे धावतात. आलेली असते वीज; पाण्याचा दिवस उद्याचा. पण दादा ओशाळत नाहीत. "बावखलं, आपली गावतळी, बुजवली नव्हती तेव्हा पाण्याला लाइन नव्हती," म्हणतात, "पाइपाचीही नाही आणि हंड्यांचीही नाही!" हे मात्र खरं आहे.

रेल्वेचा विषय निघाला की दादा खुर्ची पुढे ओढतात. 12 एप्रिल 1867 ला विरारहून बॅकबेला पहिली लोकल सुटली, विजेची गाडी बोरिवलीला 1928 मध्ये आणि विरारला 1936 मध्ये पोचली, हे ते असं सांगतात, जणू रूळ टाकताना यांनाच विचारलं होतं. वेस्टर्न सोडून दुसऱ्या लाइनी आहेत हे त्यांना मान्य आहे, पण तिथे माणसं राहतात हे पटत नाही. पुतणीसाठी स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाच्या बापाला विचारलं, "मुलगा कुठच्या लाइनला?"

"हार्बर."

दादांनी कप खाली ठेवला. विचारलं होतं कामधंद्याबद्दल, पण या उत्तरानंतर कामधंद्याची चौकशी करण्यात त्यांना राम वाटेना.

आळीतला पोरगा बसस्टॉपवर लाइन मारतो, म्हणून त्याची आई त्याला लाइनीवर आणायला दादांकडे येते. दादा त्याला भल्या पहाटे वसई स्टेशनला नेऊन तिकिटाच्या लाइनीत उभा करतात. आता पोरगा तिथे लाइन मारतो.

इंग्रजांनी 'लाइन' हा शब्द लॅटिनमधून घेतला. तिथे 'लिनिया' म्हणजे जवसाच्या धाग्याचा दोरा. म्हणजे मूळ अर्थाशी इमान राखलं ते आमच्या गवंड्याने. त्याच्या हातात अजून लाइनदोरी असते. शब्दाच्या पोटात एक दोरी होतीच, मराठी माणसाने खात्रीसाठी दुसरी बांधली. दादा कुणाच्याही बांधकामावर जाऊन ती दोरी एक डोळा मिटून बघतात आणि "इंचभर बाहेर आहे" म्हणतात. आत आहे असं त्यांनी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मागच्या उन्हाळ्यात रस्त्याची मोजणी आली. मोजणीवाल्यांनी दादांच्या ओट्याच्या बरोबर मधून लाल रंग ओढला आणि म्हणाले, "काका, रस्त्याची लाइन इथून जाते." सगळी आळी गोळा झाली. आयुष्यात पहिल्यांदाच दादांना एक लाइन नामंजूर होती. त्यांनी चष्मा लावला, वाकून पाहिलं.

"ही लाइन नाही," ते म्हणाले, "ही नुसती रेघ आहे. अगं, फडकं आण."

ओटा अजून जागेवर आहे.