बारा वतनदारांस खुले पत्र

रिआल माद्रिदचे अध्यक्ष श्रीयुत फ्लोरेंटिनो पेरेझसाहेब आणि त्यांचे अकरा भाऊबंद यांस,

कृ. सा. न. वि. वि.

मी कोल्हापूरचा. तुमच्या नकाशावर हे गाव नसेल, पण तुमच्या जमाखर्चात असणारच. कारण चॅम्पियन्स लीगसाठी रात्री साडेबाराचे आणि दीडचे गजर लावणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. आमच्याकडे फुटबॉल तालमींनी वाढवला. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही आमच्या क्लबांची नावं. पेठेची मॅच असली की राजर्षी शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बूड टेकायला जागा मिळत नाही. तेव्हा पत्र लिहिणारा अगदीच अडाणी नाही, असं समजून पुढे वाचावं.

पत्राचं कारण एकच, आभार मानायचे राहून गेलेत.

आधी त्या रात्रीची उजळणी. 18 एप्रिल 2021, रविवार. करोनामुळे इंग्लंडमधली मैदानं रिकामी होती, आणि तुम्ही युरोपातल्या बारा बड्या क्लबांनी रात्री उशिरा एक निवेदन काढलं. वीस संघांची सुपर लीग. त्यात पंधरा संघ कायमचे. बारा तुम्ही, आणि तीन जागा मोकळ्या, उशिरा येणाऱ्या सोयऱ्यांसाठी पंगतीत पान मांडून ठेवतात तशा. उरलेल्या पाच जागांवर दरवर्षी इतरांनी धडपडून यायचं. पाठीशी जेपी मॉर्गन बँक. कायमच्या मंडळींना सुरुवातीलाच साडेतीन अब्ज युरो, म्हणजे तेव्हाच्या भावाने तीस हजार कोटी रुपयांच्या वर. कितीही हरलात तरी तुमचं पान उठणार नाही.

याला तुम्ही नवी कल्पना म्हणालात. आमच्याकडे याला वतन म्हणतात. आजोबांनी कधीकाळी काही केलेलं असतं, नातू त्यावर बसून खातो. ज्या स्टेडियममध्ये मी शिट्ट्या मारायला शिकलो ते ज्यांच्या नावाचं आहे, त्या शाहू महाराजांनी 1918 साली आपल्या संस्थानातलं कुलकर्णी वतन बंद केलं आणि पगारी तलाठी नेमले. त्यानंतर एकशे तीन वर्षांनी लंडन, माद्रिद आणि मिलानमध्ये वतनदारी पुन्हा सुरू व्हावी, याचं आम्हाला कोण कौतुक वाटलं म्हणून सांगू!

वतनाला पराक्रम लागतो, म्हणून तोही तपासला. त्याच रविवारी दुपारी आर्सेनल घरच्या मैदानावर फुलहॅमशी खेळत होतं. फुलहॅम म्हणजे खालच्या लीगमध्ये घसरायच्या वाटेवरचा संघ. नव्वद मिनिटं संपली तरी आर्सेनल मागेच. वाढीव वेळेच्या सातव्या मिनिटाला कसाबसा गोल झाला आणि 1-1 वर सुटका. तक्त्यात नववा नंबर. दिवेलागण झाली, जेवणं झाली, आणि झोपायच्या आधी तेच आर्सेनल युरोपातल्या पहिल्या बारांत जाऊन बसलं! टॉटनहॅमने लीग शेवटची जिंकली 1961 साली. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रशिक्षक होजे मोरिन्यो यांच्या हाती नारळ दिला, तोही चषकाची अंतिम लढत सहा दिवसांवर असताना.

आणि बाहेर कोण राहिलं? लीस्टर. तेव्हा ते तक्त्यात तिसरं होतं. 2016 मध्ये सट्टेबाजांचा भाव पाच हजारास एक असताना लीग जिंकलं ते हेच. नॉटिंगहॅम फॉरेस्टही बाहेर. त्यांच्या कपाटात 1979 आणि 1980 चे दोन युरोपियन कप आहेत. आर्सेनल, टॉटनहॅम, मँचेस्टर सिटी आणि अ‍ॅटलेटिको माद्रिद या चार वतनदारांकडे तेव्हा मिळून एकही नव्हता.

भाऊबंदकीतही तुम्ही आम्हाला मागे टाकलंत. युव्हेंटसचे आंद्रेया आन्येल्ली तेव्हा युरोपातल्या क्लबांच्या संघटनेचे अध्यक्ष, आणि युएफाचे, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल महासंघाचे, प्रमुख चेफेरिन त्यांच्या घरचे इतके जवळचे की आन्येल्लींच्या मुलीचे धर्मपिता. चेफेरिन यांनी जाहीर सांगितलं की शनिवारपर्यंत आन्येल्ली ‘सगळ्या अफवा आहेत’ म्हणत होते आणि मग त्यांनी फोनच बंद केला. आमच्याकडे बांधाच्या वादातही माणूस एकदा तरी फोन उचलतो.

आता आमच्याबद्दल. तुमच्या गोटात म्हणे पिढ्यान्‌पिढ्या मैदानात येणाऱ्यांसाठी ‘लेगसी फॅन’ असा शब्द होता, आणि तुमची नजर होती ‘फ्युचर फॅन’वर. लेगसी म्हणजे घरातलं आजीचं शिसवी कपाट. टाकवत नाही आणि फ्लॅटमध्ये मावत नाही. फ्युचर फॅन म्हणजे मी, आशियातला, टीव्हीसमोरचा. खरं सांगतो, वाचून क्षणभर छाती फुगली. आम्ही काही धुतल्या तांदळासारखे नाही. स्टोक सिटीच्या मॅचसाठी कोल्हापुरात कुणी गजर लावत नाही, रिआल-बार्सिलोना असली की लावतो. इथपर्यंत तुमचा हिशोब बरोबर होता.

चुकला तो पुढे. आमच्या खासबाग मैदानात महाराष्ट्र केसरीची शेवटची कुस्ती दर बुधवारी लावली, आणि हरलेला पैलवान पुढच्या बुधवारी त्याच मानाने, तेवढ्याच बिदागीवर उतरणार असला, तर पाचव्या बुधवारी तिथे शेंगदाणेवालासुद्धा यायचा नाही. पाठीला माती लागायची भीती काढून घेतली की कुस्ती उरत नाही, नूरा उरते. हे तुमच्यातल्याच एकाला कळलं होतं. पेप ग्वार्डिओला तेव्हा बारांपैकी एका क्लबचे पगारी प्रशिक्षक. यश आधीच ठरलेलं असेल तर तो खेळ नव्हे, असं ते पत्रकारांसमोर बोलून गेले. तलाठी बोलला, वतनदार गप्प.

मंगळवार, 20 एप्रिल. लंडनमध्ये चेल्सी-ब्रायटन सामना होता. आत प्रवेश बंद, म्हणून माणसं स्टॅमफर्ड ब्रिजच्या बाहेर रस्त्यावर जमली आणि त्यांनी स्वतःच्याच संघाची बस अडवली. तेव्हा पेत्र चेक गर्दीत आला. 2012 मध्ये चेल्सीला पहिल्यांदा युरोपचा चषक मिळाला तो या गोलरक्षकाच्या हातांवर. तेव्हा तो क्लबचा पदाधिकारी होता. थोडा वेळ द्या, आम्ही मार्ग काढतोय, असं तो विनवत होता, आणि ज्यांनी त्याला डोक्यावर घेतलं तीच माणसं त्याच्यावर ओरडत होती. एका फलकावर लिहिलं होतं, आम्हाला आमच्या स्टोकच्या थंड रात्रीच हव्यात.

पेरेझसाहेब, हे वाक्य फ्रेम करून कचेरीत लावा. स्टोक म्हणजे मातीच्या भांड्यांच्या कारखान्यांचं गाव. कुणी नाजूक पायांचा भारी खेळाडू आला की ‘स्टोकच्या थंडी-वाऱ्यात हा टिकेल का?’ असं इंग्लंडमध्ये कुत्सितपणे विचारतात. म्हणजे त्या फलकवाल्याला गारठा हवा होता, पाऊस हवा होता आणि त्या पावसात आपला संघ हरण्याची शक्यताही हवी होती. तुम्ही साडेतीन अब्ज युरो घेऊन जी गोष्ट नाहीशी करायला निघालात, नेमकी तीच तो मागत होता.

थोड्या वेळाने गर्दीतल्या फोनांवर बातमी आली, चेल्सी माघारीच्या तयारीत. मोर्चाची मिरवणूक झाली. मॅच पंधरा मिनिटं उशिरा सुरू झाली आणि 0-0 अशी सुटली. झोपायच्या वेळेपर्यंत इंग्लंडचे सहाही क्लब बाहेर पडले होते. रविवार रात्र ते मंगळवार रात्र. आमच्या गल्लीत लग्नाचा मांडव याहून जास्त टिकतो.

बुधवारी लिव्हरपूलचे मालक जॉन हेन्री यांनी व्हिडिओवर माफी मागितली. त्यांना सराव होता. 2016 मध्ये सगळ्यात महाग तिकीट 77 पौंडांचं करायचं ठरलं, तेव्हा बरोबर 77 व्या मिनिटाला हजारो माणसं उठून चालती झाली होती. संघ 2-0 ने पुढे होता. माणसं गेली आणि सामना 2-2 झाला. पुढे दर गोठवले गेले.

2 मे रोजी मँचेस्टर युनायटेडचे लोक थेट ओल्ड ट्रॅफर्डच्या हिरवळीवर उतरले आणि लिव्हरपूलविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली. कित्येकांच्या गळ्यात हिरवे-पिवळे मफलर होते. तो रंग लाल जर्सीच्या आधीचा, 1878 मध्ये न्यूटन हीथच्या रेल्वे कामगारांनी काढलेल्या संघाचा. आर्सेनलही वुलिचच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी 1886 मध्ये उभं केलं. वतनाच्या कागदावर मूळ पुरुष म्हणून खरं तर यांची नावं हवीत. त्या रिकाम्या ठेवलेल्या तीन जागा त्यांच्यासाठी होत्या का?

साहेब, तुम्ही स्वतः मालक नाही, अध्यक्ष आहात, हे मला माहीत आहे. रिआल माद्रिद सभासदांचा क्लब. तिथे निवडणूक असते. त्या रविवारच्या जेमतेम आठवडाभर आधी तुम्ही पुन्हा अध्यक्ष झालात, बिनविरोध. आमच्या जिल्ह्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. उमेदवाराला क्लबच्या अंदाजपत्रकाच्या पंधरा टक्क्यांची बँक हमी द्यावी लागते म्हणे. एवढी अनामत असल्यावर आमच्याकडच्या साखर कारखान्यांतही बिनविरोधच होईल. जर्मनीत मतांचा मोठा हिस्सा सभासदांच्या हातात ठेवायचा नियम आहे. बायर्न म्युनिक आणि डॉर्टमुंड तुमच्या पंगतीला आले नाहीत, याचं फार नवल वाटायला नको.

सोमवारी रात्री तुम्ही टीव्हीवर बसून सांगितलंत की हे सगळं फुटबॉल वाचवण्यासाठी आहे. तरुण पोरांना रस उरलेला नाही, सामने लांबलचक होतात, आणि असंच चाललं तर 2024 मध्ये आपण मेलेले असू. आम्ही काळजीने 2024 ची वाट पाहिली. त्या वर्षी 1 जूनला वेम्बलीवर तुमच्या क्लबने डॉर्टमुंडला 2-0 हरवून पंधराव्यांदा युरोपचा चषक उचलला. त्या हंगामात तुमचं उत्पन्न एक अब्ज युरोंच्या वर गेलं, जे तोवर कुठल्याही फुटबॉल क्लबला जमलं नव्हतं. असं मरण सगळ्यांना येवो.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस लांबून बोलतोय. तर नाही. बंद दाराची लीग आम्ही घरी वापरून पाहिली आहे. 2014 मध्ये आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग आली. पैसे भरून जागा घ्यायची, वरून कुणी घसरायचं नाही, खालून कुणी चढायचं नाही. गोव्याचं डेम्पो पाच वेळा देशात पहिलं आलेलं. नव्या आराखड्यात तोवर देशात पहिली असलेल्या आय-लीगला खालच्या पायरीवर बसवलं गेलं, तेव्हा 2016 मध्ये डेम्पो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा तिघेही तिथून निघून गेले. पुण्याचा आयएसएल संघ 2019 मध्ये गुंडाळला आणि त्याची जागा हैदराबादला गेली, एखाद्या कारकुनाची बदली व्हावी तशी. खाली जिंकून वर जाणारा पहिला संघ निघायला 2023 उजाडलं. खुद्द लंडनमध्ये जे अठ्ठेचाळीस तासांत फेकून दिलं, ते आम्ही ‘युरोपच्या दर्जाचं’ म्हणून घरात घेतलं होतं.

तर आभार. पहिला यासाठी की लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेडच्या लोकांना एका बाजूला आणणं आजवर कुणाला साधलं नव्हतं, ते तुम्ही एका निवेदनात केलंत. दुसरा कायद्यासाठी. तुमच्या धक्क्यानंतर इंग्लंडमध्ये प्रेक्षकांचं म्हणणं ऐकणारी चौकशी झाली आणि 2025 मध्ये फुटबॉल कारभाराचा कायदा झाला. फुटीर लीगमध्ये जाण्यापासून क्लबांना रोखायचा अधिकार आता स्वतंत्र नियामकाकडे आहे. तिसरा आभार ज्ञानात भर पडल्याबद्दल. सहा इंग्लिश क्लबांवर मिळून 22 दशलक्ष पौंडांचा भुर्दंड पडला, म्हणजे एकेकाला चार दशलक्षांहूनही कमी. वतन हडपायचा प्रयत्न इतका स्वस्त असतो, हे आम्हाला माहीत नव्हतं.

युएफाला मात्र आभारातून वगळतो. तुमच्या निवेदनाच्या दुसऱ्याच दिवशी, सगळं जग तुम्हाला शिव्या घालत असताना, त्यांनी चॅम्पियन्स लीग 36 संघांची करून सामने वाढवायचा निर्णय हळूच मंजूर करून घेतला. घराला आग लागलेली असताना शेजाऱ्याने कुंपण दोन हात पुढे सरकवावं, तसं. लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयानेही डिसेंबर 2023 मध्ये युएफा-फिफाचे नव्या स्पर्धांसाठीचे पूर्वपरवानगीचे नियम बेकायदा ठरवले. वर्षभराने, डिसेंबर 2024 मध्ये, तुमच्या माणसांनी 96 क्लबांची नवी योजना मांडली, नव्या नावाने. म्हणूनच आज हे पत्र. वतनदार नाव बदलून परत येतो, हे आम्हाला अनुभवाने माहीत आहे.

पुढच्या वेळी एवढंच करा. लीग कोणतीही काढा, संघ वीस घ्या नाहीतर शंभर, पण खाली उतरायची शिडी काढून घेऊ नका. आम्ही तिकीट काढतो ते तुम्ही जिंकाल म्हणून नाही. तुम्ही हरू शकता म्हणून.

कळावे. आमच्याकडे पत्राच्या शेवटी ‘लोभ असावा’ असं लिहायची रीत आहे. तुमच्या बाबतीत ते वाक्य गाळतो आहे.

आपला,
एक भविष्यातला प्रेक्षक,
शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवरून