छाटणीकार

जुनं रॉक ऐकणाऱ्यांच्या कुठल्याही कंपूत एक छाटणीकार असतोच. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज ठाम आणि वाक्याची सुरुवात ठरलेली : ‘अल्बम थोरच आहे, पण...’ या ‘पण’च्या मागे बहुतेक वेळा एकच अल्बम निघतो. बीटल्सने २२ नोव्हेंबर १९६८ रोजी काढलेला, अधिकृत नाव नुसतं ‘द बीटल्स’, पण कोऱ्या पांढऱ्या वेष्टनामुळे जगभर ‘व्हाइट अल्बम’ म्हणूनच ओळखला जाणारा. दोन तबकड्या, चार बाजू, ३० गाणी, सुमारे ९३ मिनिटं. यातली एक तबकडी उत्तम आणि एक फुकट, असं छाटणीकाराचं म्हणणं. नको ती गाणी काढली की उरेल तो बीटल्सचा सर्वोत्तम अल्बम, आणि हे काम त्याने स्वतःच्या शिरावर घेतलेलं असतं, कुणी सांगितलेलं नसताना. आपण केवळ संगीताचा दर्जा पाहतो, अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. माझं म्हणणं असं की तो वाटणीला बसलेला पंच आहे. चार भावांच्या घरात कुणाच्या वाट्याला काय यायचं याचा निकाल तो लावतोय, आणि तो निकाल लावायची वेळ येऊ नये म्हणूनच दुसरी तबकडी निघाली.

त्याच्या कामाची पद्धत पाहिली म्हणजे हे कळतं. पहिला बळी ‘रेव्होल्यूशन ९’चा. आवाजाच्या फितींचे तुकडे जोडून केलेला हा सव्वाआठ मिनिटांचा गोंगाट उडवताना त्याच्या चेहऱ्यावर कर्तव्यपूर्तीचं तेज असतं. मग ‘वाइल्ड हनी पाय’. इथे गणित फसायला लागतं. ज्या गाण्यांना सगळे टाकाऊ म्हणतात ती मुळातच तोकडी आहेत. ‘वाइल्ड हनी पाय’ मिनिटभराचंही नाही, ‘व्हाय डोन्ट वी डू इट इन द रोड’ दोन मिनिटांच्या आत संपतं. तबकडीची एक बाजू वीस-बावीस मिनिटांपलीकडे ताणली की खाचा अरुंद होतात, आवाज दबतो, म्हणून एका तबकडीत पंचेचाळीसच्या आसपास मिनिटं. म्हणजे ४८ मिनिटं काढायची आहेत, आणि सर्वमान्य कचरा भरतो जेमतेम अकरा मिनिटं. उरलेली सदतीस मिनिटं कुणाच्या तरी आवडत्या गाण्यांतूनच कापावी लागतात. गंमत अशी की छाटणीकार आता ही यादी फोनवर करतो, जिथे ना खाचा ना बाजू. तरी पंचेचाळीस मिनिटांचा नियम तो एकादशीसारखा पाळतो. आणि एवढं करून मध्येच ‘हे ज्यूड’ आत घालतो, का तर ते त्याच उन्हाळ्यात ध्वनिमुद्रित झालं होतं! सात मिनिटांचं गाणं. छाटायला निघालेला माणूस भर घालून परत येतो.

आता पहिला आक्षेप, आणि तो वजनदार आहे. खुद्द निर्माते जॉर्ज मार्टिन यांचंही मत एकच तबकडी काढावी असंच होतं. छाटणीकार हे वाक्य हुकमी पत्त्यासारखं टाकतो. पण त्या वेळी स्टुडिओत काय चाललं होतं ते पाहा. वर्षाच्या सुरुवातीला हृषीकेशला महर्षी महेश योगींच्या आश्रमात राहून चौघं परतले ते गाण्यांचा ढीग घेऊन. मग ध्वनिमुद्रणात खटके उडाले. अभियंता जेफ एमरिक जुलैत काम सोडून गेला, ऑगस्टमध्ये रिंगो स्टारही काही दिवस बाहेर पडला आणि ‘बॅक इन द यू.एस.एस.आर.’चे ड्रम बाकीच्यांना वाजवावे लागले. अशा घरात ‘तुझं गाणं नको’ हे कोण कुणाला सांगणार? एरवी एका अल्बमवर एक-दोन, फार तर तीन गाण्यांवर भागवणाऱ्या जॉर्ज हॅरिसनला इथे चार मिळाली, रिंगोला स्वतः रचलेलं पहिलं गाणं मिळालं. एकच तबकडी काढली असती तर कात्री या दोघांवरच आधी चालली असती. मार्टिन हे मत देऊन मोकळे झाले आणि ऑक्टोबरमध्ये लेनन-मॅकार्टनी यांच्यासोबत सलग चोवीस तास बसून तीसही गाण्यांचा क्रम लावत राहिले.

तो क्रम हाच माझा दुसरा पुरावा. ‘हेल्टर स्केल्टर’च्या आरडाओरड्यानंतर हॅरिसनचं ‘लाँग, लाँग, लाँग’ येतं, इतकं हळू की कान पुढे करावा लागतो. ‘रेव्होल्यूशन ९’नंतर लगेच ‘गुड नाइट’, वाद्यवृंदात बुडवलेलं अंगाईगीत. आधीचा गोंगाट सोसलेल्याला ते सुटकेसारखं वाटतं. गोंगाट कापला की नुसता पाक उरतो. मग छाटणीकार तेही कापतो आणि म्हणतो, बघा, हेही तकलादूच होतं.

दुसरा आक्षेप सौम्य आहे : हा निरुपद्रवी खेळ आहे, त्यावर एवढं काय बोलायचं? खेळ आहे हे मान्यच. मला तक्रार आहे ती त्यातल्या न्यायाधीशी सुराबद्दल. तीस गाण्यांतून चौदा निवडण्याचे प्रकार साडेचौदा कोटींच्या वर होतात, आणि प्रत्येक छाटणीकाराला त्यातला आपलाच तेवढा स्वयंसिद्ध वाटतो. एकाने ‘पिगीज’ ठेवलं की दुसरा त्याच्याशी बोलणं टाकतो. २०१८ साली याच अल्बमची पन्नाशीची आवृत्ती निघाली, कच्च्या मुद्रणांसह १०७ ध्वनिमुद्रणं असलेली भलीमोठी पेटी. एक तबकडी पुरे म्हणणाऱ्यांनी ती हौसेने घरी आणली, आणि आता ते तिचीही छाटणी करतात.

तुमच्या ओळखीचा छाटणीकार यादी वाचू लागला तर गाण्यांवर वाद घालू नका. हॅरिसनची किती ठेवली, एवढंच विचारा. एक म्हणाला तर पुढचं ऐकायची गरज नाही.