असू दे, लागेल

मांडव्याला पूर्वी दोनच प्रकारची माणसं दिसत: इथली आणि शनिवार-रविवारची. 2020च्या मार्चमध्ये मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोट सुरू झाली, तिच्या पाठोपाठ टाळेबंदी आली, आणि ज्यांची कामं लॅपटॉपवर चालतात त्यांच्या लक्षात आलं की लॅपटॉपला अंधेरीतच राहायची काही सक्ती नाही. पुढे बोटी पुन्हा सुटू लागल्या. गाडीसकट चढायचं, तासाभरात मांडवा. तेव्हापासून हा तिसरा प्रकार आला. बुधवारीसुद्धा इथेच सापडणारा.

यातले पुष्कळजण नीटनेटके असतात, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मला सांगायचंय ते असूदेकरांबद्दल. हे कुणा एकाचं आडनाव नव्हे. आवास, सासवणे, किहीम, झिराड, कुठल्याही वाडीत जा, एखादा असूदेकर निघतोच. वय पन्नाशीच्या आगेमागे, चष्मा कपाळावर, आणि मांडीवरच्या लॅपटॉपचा पंखा सतत घरघरत असलेला. लॅपटॉप जुना झालाय म्हणून तो घरघरतो, असं असूदेकरांचं मत आहे. खरं कारण पडद्याच्या तळाशी ओळीने बसलेलं असतं.

त्या ओळीत काय नाही? कंपनीच्या अकरा एक्सेल फायली, त्यांपैकी चारांचं नाव ‘फायनल’. महाभूलेखवर उघडलेला सात-बारा, शेजाऱ्याचा. भरती-ओहोटीचं वेळापत्रक. गेटवेच्या बोटी पावसाळ्यात बंद असतात, तरी मे महिन्यात उघडलेला त्यांच्या वेळांचा टॅब जुलैतही तसाच. एकदा पाहुण्यांनी विचारलं, ‘अग्निपथ’मधला मांडवा तो हाच ना, तो जेट्टीवरचा प्रसंग इथेच घेतला ना? असूदेकरांनी तिथल्या तिथे शोधलं. 2012च्या ‘अग्निपथ’मधला मांडवा दीवमध्ये उभा केला होता, असं निघालं. पाहुण्यांना निराश करवेना, म्हणून सांगितलं नाही. आणि शोधलेलं वाया घालववेना, म्हणून टॅब बंद केला नाही.

सर्वांत जुना टॅब मात्र करमरकरांच्या शिल्पालयाचा आहे. शिल्पकार नानासाहेब करमरकर सासवण्याचे. पुण्याचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवणारे. त्यांचं राहतं घर, अंगण, सगळं शिल्पांनी भरलेलं आहे. ते असूदेकरांच्या फाटकापासून स्कूटरवर दहा मिनिटांवर. तिथे एकदा सवडीने जायचंय, म्हणून गणपतीच्या आधी वेळा बघून ठेवल्या. कुठले गणपती, ते विचारू नका.

असूदेकरांची खरी ओळख पटते ती बैठकीत. “स्क्रीन शेअर करतो हं,” असं म्हणाले की बेंगळुरूची मंडळी पाणी प्यायला उठतात. मग पडद्यावर प्रथम येतं ‘युरिक अॅसिड वाढल्यास काय खावे’. ते घाईने खाली जातं. त्यामागे रो-रोचं अर्धवट बुकिंग. त्यामागे वाडीत नारळ किती फुटांवर लावावेत. मग ऑल्ट-टॅब सुरू होतं. ऑल्ट दाबून ठेवायचं आणि टॅब मारत जायचं, म्हणजे चौकटी पुढे सरकतात. असूदेकर इतक्या जोरात मारतात की हवी ती चौकट येते, दिसते आणि पुढे निघून जाते. “आत्ता होती हो इथे!” पुन्हा पहिल्यापासून. शेवटी फायनलच्या ऐवजी ‘फायनल नवीन’ उघडते आणि सगळे शहाण्यासारखे तिच्यावरच चर्चा करतात.

एक मात्र मान्य करायला हवं, दोष पूर्ण त्यांचा नाही. 1985मध्ये विंडोजची पहिली आवृत्ती आली तेव्हा तिच्यातल्या खिडक्या एकमेकींवर चढूच शकत नसत, शेजारी शेजारी बसायच्या. जागा संपली की दिसायचं, संपली. 1987च्या दुसऱ्या आवृत्तीत एकीवर दुसरी ठेवायची मुभा मिळाली. 1995मध्ये टास्कबार आला आणि झाकलेली गोष्ट हरवत नाही याची हमी मिळाली. 2001च्या एक्सपीने तर एकाच जातीच्या खिडक्या एका बटणामागे गोळा करून लपवायला सुरुवात केली. ज्या माणसाला फेकवत नाही, त्याला इतक्या सोयी देऊ नयेत.

आणि न फेकणं हे रक्तातलं. असूदेकरांच्या आईच्या माळ्यावर श्रीखंडाचे रिकामे डबे, सुतळीच्या गुंडाळ्या आणि पिशव्या भरलेली पिशवी असायची. “असू दे, लागेल.” लेकाने तोच माळा पडद्याच्या तळाशी आडवा बांधला. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021मध्ये या टॅबप्रकरणाचा रीतसर अभ्यास केला. लोक टॅब राखतात ते आठवण राहावी म्हणून, आणि एकदा बंद केला की तो कायमचा नजरेआड होईल या भीतीने, असं त्यांना दिसलं. असूदेकरांच्या आईला विचारलं असतं तर तेवढाच खर्च वाचला असता.

एका रात्री लॅपटॉपने स्वतःहून अपडेट घेतलं आणि सकाळी पडदा लख्ख. असूदेकर चहा न घेता बसून राहिले. बायको म्हणाली, “अहो, पण गेलं काय काय?” ते त्यांना सांगता येईना. आठवलं नाही म्हणून दुःख कमी झालं, असंही नाही. उलट वाढलं.

पुढे ओळ पुन्हा पहिल्यासारखी भरली, तेव्हा कुणीतरी चोंढीच्या सेवा केंद्रातल्या पोराचं नाव सुचवलं. हा पोरगा दिवसभर लोकांचे दाखले, आधार, पॅन करतो. गिऱ्हाईक उठलं की त्याच्या सगळ्या खिडक्या बंद, मगच पुढचा. एकाचा उतारा दुसऱ्याच्या अर्जाला लागला तर गावात राहणं मुश्किल, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. त्याने लॅपटॉप पाहिला आणि नम्रपणे विचारलं, “काका, हे सगळं तुमचंच?”

“हो.”

“बसा मग.”

त्याने एक्सेलच्या बटणावर उजवं क्लिक करून सगळ्या खिडक्या एकदम बंद करायची आज्ञा दाखवली. ज्यात बदल झालेत ती फाइल जतन करायची का, हे यंत्र विचारतं, घाबरायचं नाही. एक टॅब घालवायला कंट्रोल-डब्ल्यू. आख्खी खिडकी घालवायला ऑल्ट-एफ4. हातातली एक ठेवून बाकीच्या खाली दडपायला विंडोजचं बटण आणि होम. जपायचेच असतील तर कंट्रोल-शिफ्ट-डी दाबून सगळे टॅब एका फोल्डरमध्ये घालायचे. असूदेकर वहीत लिहून घेत होते. प्रत्येक वेळी पोराचं बोट बटणाकडे गेलं की त्यांचा हात आडवा येई. “हा असू दे.”

“काका, बंद केलेला टॅब परत येतो. कंट्रोल-शिफ्ट-टी.”

“नाही आला तर?”

पोरगा अनुभवी. माणूस कुठल्या जातीचा हे त्याने ओळखलं. बंद करवून घेण्याचा नाद सोडून त्याने विंडोज, कंट्रोल आणि डी एकदम दाबलं. पडदा कोरा झाला. असूदेकर किंचाळायच्या बेतात होते. “कुठे गेलं नाही काही. हा दुसरा डेस्कटॉप. पहिला तिकडे आहे तसाच आहे. विंडोज दहापासून मिळतो हा, फुकट.” बाणाची बटणं दाबून त्याने इकडून तिकडे नेऊन आणलं. असूदेकरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पोराला त्यांनी ठरलेल्यापेक्षा पन्नास रुपये जास्त दिले.

परवा रो-रोच्या रांगेत भेटले. एकदम हलके वाटत होते. डेस्कटॉपला नाव देता येतं, हेही आता त्यांनी शोधून काढलंय. “अंधेरीच्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही, तेव्हा आपण काय केलं? ते तसंच ठेवलं आणि इथे दुसरं घेतलं. तेच केलं. एकाचं नाव अंधेरी, दुसऱ्याचं मांडवा. मांडवा एकदम मोकळा.”

“अजून?” गाडीतून बायकोचा आवाज आला.

असूदेकर जरा घुटमळले.

“थोडा भरलाय,” म्हणाले. “रेवसला बघतोय एखादा.”