पद्मिनीची एंडोस्कोपी

कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या प्रीमिअर पद्मिनीच्या पोटात हल्ली मुलुंडमध्ये नळी घालतात. टोकाला बारीक दिवे असलेला, मोबाइलला जोडायचा हा कॅमेरा हजाराच्या आत मिळतो. दाराच्या तळातली भोकं मातीने बुजली की पावसाचं पाणी आतच मुक्काम ठोकतं आणि पत्रा आतून सडतो. बाहेरून पुट्टी, वर चकाचक रंग. ‘‘ओरिजिनल पत्रा आहे, काका,’’ विकणारा म्हणतो. गंज मात्र खरोखरच ओरिजिनल निघतो. काका पडद्यावरची भोकं मोजतात आणि भोकागणिक भाव पाडतात.

हेच काका आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. तीस वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने सक्तीचं आहे. पण सळई गंजली की फुगते, काँक्रीट फोडते, हे सभेत कुणी काढलं की काकांचं उत्तर तयार: ‘‘उगाच खर्च कशाला? प्लास्टर मारू, दिवाळीला रंग काढू.’’

पुढच्या सभेत विषय एकच आहे: काकांच्या पद्मिनीला पावसापासून जपायला इमारतीखाली, खांबांच्या मधोमध जागा हवी.