जुळणीचे मुखत्यार

ज्या घरातील चिरंजीव लग्नाच्या हलत्या पत्रिका, गणेशमंडळाच्या एलईडी पडद्यावरील फिरती अक्षरे अथवा आमदारांच्या वाढदिवसाचे चलत् शुभेच्छाफलक करून चार पैसे मिळवू लागतात, त्या घरात लौकरच एका नव्या संगणकाची दरखास्त दाखल होते. आणि तिची वार्ता फुटताच, कोणी बोलावले नसता, एक गृहस्थ हजर होतात. त्यांना आपण अण्णा म्हणू. वास्तविक ते कुठल्याशा पतपेढीत वसुलीचे कारकून असतात. परंतु सुटे भाग आणून संगणक जुळवण्याच्या कामी सबंध आळीचे मुखत्यारपत्र आपल्या नावे लिहून झाले आहे, अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते.

अण्णांच्या ज्ञानाविषयी संशय घेण्याचे कारण नाही. साठ हजारांचे अंदाजपत्रक ऐकताच इतर हितचिंतक काचेचे कॅबिनेट आणि सप्तरंगी दिव्यांचे पंखे सुचवतात, अण्णा प्रथम एवढेच विचारतात, "काम आफ्टर इफेक्ट्समध्ये, की ब्लेंडरमध्ये?" कारण पहिल्याची भिस्त मुख्यतः प्रोसेसर आणि रॅमवर, तर दुसऱ्याचे सायकल्स इंजिन खरे पळते ते ग्राफिक्स कार्डाच्या जिवावर. नंतर हाती लागलेल्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर ते हिशेब मांडतात: 1920 गुणिले 1080 ठिपके, दर ठिपक्यास चार बाइट, म्हणजे एक फ्रेम सुमारे 8.3 मेगाबाइटची, सेकंदास 25 फ्रेम धरल्या तर 207 मेगाबाइट, आणि दहा सेकंदांचा प्रिव्ह्यू रॅममध्ये धरून ठेवायचा तर दोन गिगाबाइट खर्ची पडलेच. "सोळा बिटांत गेलास की दुप्पट! दिवे नकोत बाळा, 32 जीबी घे," या त्यांच्या निवाड्यावर अपील नाही, आणि असूही नये.

ग्रँट रोड स्टेशनाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, ज्याला डॉ. भडकमकर मार्ग हे भारदस्त नाव मिळूनही ग्राहक ते उच्चारत नाही, अण्णांचे खरे तेज प्रकट होते. तेथे एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, तळहातावर तोलून, कानाशी धरून किंचित हलवून, श्रावणात गृहिणीने नारळ पारखावा तसा ते पारखतात आणि हलका लागल्यास दुकानदाराकडे अशा नजरेने पाहतात, की त्या बिचाऱ्याने आपणहून दुसरा खोका काढावा. बिलासह की बिनबिलाचे, हा प्रश्न तेथे सहज विचारला जातो. 18 टक्के जीएसटी वाचवण्याच्या मोहाने यजमानांचा चेहरा फुलतो न फुलतो तोच, वॉरंटीचा दावा कोणत्या कागदावर लावणार, असे विचारून अण्णा त्यांना सन्मार्गावर आणतात. पाच दुकानांची कोटेशने खिशात जमतात, वडापाव होतो, आणि मंडळी रिकाम्या हाताने परत येतात.

कारण अण्णांचा मुख्य सिद्धान्त असा, की आज घेऊ नये. या सिद्धान्ताला इतिहासाचे पाठबळ आहे. 2021मध्ये इथेरियम या आभासी चलनाच्या खाणकामाला जुंपल्यामुळे ग्राफिक्स कार्डांचे भाव गगनाला भिडले असता त्यांनी साऱ्या आळीला थांबवून धरले. सप्टेंबर 2022मध्ये ते खाणकाम बंद पडले, भाव उतरले, आणि त्या दिवसापासून अण्णांच्या 'थांबा'ला आर्षवचनाची प्रतिष्ठा लाभली. पुढे 2025च्या अखेरीस कृत्रिम प्रज्ञेच्या डेटा सेंटरांनी रॅमची मागणी एवढी वाढवली, की अण्णांच्या सल्ल्याने थांबलेल्या मुलांवर चढ्या भावाने एकेक पट्टी विकत घेण्याची पाळी आली. त्यावर अण्णा अत्यंत खिन्न मुद्रेने म्हणाले, "मी तेव्हाच म्हटले होते, 32 जीबी घे." आणि म्हटले होते, हेही खरेच! ते कोणत्या महिन्यात घ्यायचे, याची रुजुवात कोणीच करून ठेवली नव्हती.

दरम्यान मुलगा आपल्या जुन्या यंत्रावर, जेवायला बसण्यापूर्वी रेंडर लावून आणि हात धुऊन परतल्यावरही तो अपुरा पाहून, शुभेच्छाफलक तडीस नेतच असतो. आमदारांचा वाढदिवस काही भाव उतरेपर्यंत थांबत नाही. तेव्हा आपल्या दारी असे अण्णा आल्यास त्यांना अवश्य चहा द्यावा, रॅम आणि एसएमपीएसविषयी ते जे सांगतील ते शब्दशः लिहून घ्यावे, पक्क्या बिलाचा आग्रह त्यांच्याइतकाच धरावा. मात्र पैसे मोजायला निघालात, की त्यांना कळवू नये.