कंबर तलावावरचे सरसेनापती

कुणाला सांगू नका, पण आपल्या सोलापुरात एक नवं व्यसन शिरलंय. मावा नव्हे, मटका नव्हे, रमीसुद्धा नव्हे. चांगल्या घरातली, वेळेवर पेन्शन उचलणारी, श्रावणात न चुकता सिद्धेश्वराचं दर्शन घेणारी माणसं याच्या नादी लागलीत. सांगायची लाज वाटते, पण सांगतोच. ही मंडळी सकाळ-संध्याकाळ लढाई करतात. तीही परक्याची. रशिया-युक्रेनची!

खोटं वाटत असेल तर सकाळी कंबर तलावावर जा. पूर्वी तिथं शुगर, गुडघे आणि सुनेचे गुण एवढेच विषय असायचे. आता कानावर काय पडतं?

“काय बे, पोक्रोव्स्कचं काय झालं?”

“मागं सरकूलालेत की. रसदीचा रस्ताच माऱ्यात आला, मग काय करतील?”

“मी तर तेव्हाच म्हणलो होतो, अवदिवका गेलं तेव्हाच!”

म्हणला होता म्हणे! फेब्रुवारी २०२४मध्ये युक्रेनचं अवदिवका रशियाच्या हाती पडलं, तेव्हा हे गृहस्थ नातवाच्या जावळाला अक्कलकोटला होते. पण सरसेनापतींना उलटतपासणी चालत नाही.

या व्यसनात दोन तट आहेत. एक रशियावाले. यांत बहुतेक साठीच्या पुढचे. १९७१ साली रशिया आपल्या पाठीशी उभा राहिला, हे यांच्या रक्तात आहे. काही जण तर गिरणी आणि विडी कामगारांच्या लाल बावट्याखाली वाढलेले. सोव्हिएत संघ १९९१मध्येच मोडला, हे त्यांना ठाऊक आहे, मान्य नाही. दुसरे युक्रेनवाले. हे तरुण. यांचा सगळा जीव ड्रोनवर. चाळीस-पन्नास हजारांचा ड्रोन कोट्यवधींचा रणगाडा कसा फोडतो, हे ते इतक्या प्रेमानं सांगतात की ऐकणाऱ्याला वाटावं, ड्रोन यांच्याच माडीवर जोडलाय. तिसराही एक गट आहे, जो चहा कोण पाजतोय ते बघून आघाडी बदलतो. त्याच्याबद्दल न बोललेलं बरं.

घरोघरी काय चाललंय, ते तर विचारूच नका. एक वहिनी परवा डोळ्यांत पाणी आणून सांगत होत्या, “घरातली जवारी संपली का, हे कधी विचारलं नाहीत. पण तिकडच्या तोफगोळ्यांचा साठा किती दिवस पुरेल, ते तोंडपाठ!” या वहिनींना युद्ध कळत नाही, असं मात्र समजू नका. मार्च २०२२मध्ये सूर्यफुलाच्या तेलाचा डबा एकदम महागला, तेव्हा युक्रेन म्हणजे काय ते त्यांना यजमानांच्या आधी कळलं होतं. तेव्हा आपल्याकडं येणारं बहुतेक सूर्यफूल तेल तिकडचंच होतं.

आता खरा प्रकार ऐका. हा आमच्या डोळ्यांदेखत घडला. फिरून दमलेल्या मंडळींनी कट्ट्यावर घाम पुसायचा टॉवेल पसरला. अस्सल सोलापुरी, निळ्या किनारीचा. निळी किनार म्हणजे नीपर नदी. टॉवेलाच्या उजव्या टोकाला दोनबास. खिशातून भाजलेल्या शेंगा निघाल्या, दाणे सोलून फौजा मांडल्या. रशियाचे दाणे जास्त, युक्रेनचे कमी. टरफलं म्हणजे खंदक. हल्ला करणाऱ्याकडं बचाव करणाऱ्याच्या तिप्पट बळ हवं, हा जुना लष्करी ठोकताळा एकानं ऐकवला. दुसऱ्यानं लगेच दाणे मोजायला घेतले. वाद इतका रंगला की बोलण्याच्या भरात रशियावाल्या काकांनी आपलीच अख्खी ब्रिगेड खाऊन टाकली.

आणि मग जो प्रश्न उभा राहिला, त्यानं कट्टा हादरला. खाल्लेले दाणे मृतांत धरायचे की बेपत्तांत?

हसू नका. सगळ्या युद्धाच्या हिशेबाची गोम याच प्रश्नात आहे. युक्रेनचं लष्कर रोज सकाळी रशियाच्या हानीचा आकडा जाहीर करतं: माणसं इतकी, रणगाडे इतके, तोफा इतक्या. जून २०२५मध्ये त्यातल्या माणसांच्या आकड्यानं दहा लाख ओलांडले, तेव्हा कट्ट्यावर “दहा लाख मेले!” अशी आरोळी उठली. अहो, मेले नव्हेत. त्या आकड्यात मेलेले आणि जखमी दोन्ही असतात. युद्धात मेलेल्यांपेक्षा जखमी कितीतरी जास्त असतात, आणि त्यांतले पुष्कळ बरे होऊन पुन्हा खंदकात जातात. म्हणजे एकच माणूस हिशेबात दोनदाही येऊ शकतो. शिवाय हा शत्रूनं केलेला हिशेब, तेव्हा त्यात हात सैल सुटणारच.

रशियाचं म्हणाल, तर तिकडं हात फारच आखडता. तेव्हाचे संरक्षणमंत्री शोइगू यांनी सप्टेंबर २०२२मध्ये आपले ५,९३७ सैनिक कामी आल्याचं सांगितलं, त्यानंतर सरकारी तोंडाला जवळपास कुलूपच. युक्रेनही आपलं ताट झाकूनच जेवतो. झेलेन्स्की यांनी फेब्रुवारी २०२५मध्ये आपले ४६ हजारांहून अधिक सैनिक मेल्याचं आणि सुमारे ३ लाख ८० हजार जखमी झाल्याचं सांगितलं. बेपत्ता कुठं धरायचे, हा प्रश्न उरलाच. कट्ट्यावरच्या दाण्यांसारखा.

मटक्याच्या दिवसांत सोलापुरात सकाळ-संध्याकाळ “आज आकडा काय आला?” असं कुजबुजत विचारायचे. आता तेच विचारतात, फक्त मोठ्यानं. आणि मटक्यासारखंच इथंही प्रत्येकाला आपलाच आकडा लागलेला हवा असतो.

बरं, मोजायचं कसं याची रीत जगात नाही असंही नाही. ओरिक्स नावाची एक मंडळी आहे. रणगाडा फुटल्याचा फोटो किंवा व्हिडिओ दिसला तरच ती नोंद करते. फोटो नाही तर रणगाडा नाही. त्यामुळं त्यांचा आकडा कमीत कमी असतो, पण खोडून काढायला अवघड. माणसांचंही तसंच. मीडियाझोना ही रशियन वृत्तसंस्था आणि बीबीसीची रशियन सेवा गावोगावच्या मृत्युवार्ता, कबरी, नातेवाइकांचे निरोप धुंडाळून एकेक नाव लिहितात. नाव सापडलं तरच माणूस मोजायचा. अशी नावं २०२५मध्ये एक लाखाच्या पुढं गेली. हे सांगितलं की कट्टा दोन मिनिटं गप्प बसतो. मग कुणीतरी “पण खरा आकडा याच्या दुप्पट बे!” म्हणतो आणि गाडी पुन्हा रुळावर येते.

आकडा कसा आटतो, हेही बघा. १ जून २०२५ला युक्रेननं रशियाच्या पोटात ट्रक घुसवले. ट्रकांवर लाकडी खोल्या, त्यांच्या छपराखाली ड्रोन लपवलेले. ११७ ड्रोन थेट विमानतळांवर सोडले. त्या संध्याकाळी आमच्याकडचे युक्रेनवाले पार्क चौकात पेढे वाटायचेच बाकी राहिले होते. युक्रेन म्हणालं, ४१ विमानांना दणका. अमेरिकी अधिकाऱ्यांचा अंदाज आला: साधारण वीस विमानांना फटका, त्यांतली दहाएक नष्ट. रशियावाले म्हणाले, “बघ, बघ!” युक्रेनवाले म्हणाले, “दहा काय कमी झाली का बे?” दोघंही जिंकले. कट्ट्यावरचं युद्ध कुणी हरतच नाही, हाच त्याचा मोठा गुण.

मे २०२५मध्ये तर या व्यसनानं घरंदाजपणाची सगळी मर्यादा ओलांडली. युद्ध आपलं होतं, पाकिस्तानशी, तेव्हा दाणे-टॉवेल कुणालाच पुरेनात. ८ मेच्या रात्री काही वृत्तवाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त करून टाकलं. आमचे एक शेजारी त्या रात्री झोपलेच नाहीत; विजापूर वेशीपासून सात रस्त्यापर्यंत ज्याचा नंबर होता त्याला फोन. सकाळी बंदर जागच्या जागी! मग “किती विमानं पडली” यावरून जुंपली. पाकिस्ताननं आधी आपली पाच पाडली म्हटलं, पुढं सहा. सरसेनाध्यक्ष अनिल चौहान यांनी ३१ मेला सिंगापुरात हानी झाल्याचं मान्य केलं, आकडा सांगितला नाही. विमान पडलं यापेक्षा का पडलं हे महत्त्वाचं, असा त्यांचा रोख होता. ९ ऑगस्टला हवाईदल प्रमुख ए. पी. सिंग यांनी बंगळुरात पाकिस्तानची पाच लढाऊ विमानं आणि एक मोठं विमान पाडल्याचं सांगितलं. ज्यांच्या हाती सगळे कागद, ते तोलूनमापून बोलले. ज्यांच्या हाती नुसता चहाचा कप, त्यांनी त्याच रात्री निकाल लावला होता.

आता तुम्ही म्हणाल, हे मोबाइलनं बिघडवलं. छे हो! हे आपल्या रक्तातच आहे. पानिपत १७६१ला झालं. गोलाची लढाई भाऊंनी का धरली, होळकर का निघाले, यात्रेकरूंचं लटांबर बरोबर का नेलं, यावर मराठी माणूस अजून भांडतोय. त्या हानीची खबरही सावकारी भाषेत आली होती: मोती गळाल्याची, मोहरा हरवल्याची, आणि खुर्दा किती गेला त्याची गणतीच नसल्याची. मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवराव; खुर्दा म्हणजे साधा शिपाई. खुर्द्याची गणती तेव्हाही झाली नाही.

आपल्या जिल्ह्यानंही काय कमी बघितलंय? मंगळवेढ्याजवळ ब्रह्मपुरीला भीमेकाठी औरंगजेब १६९५पासून चार वर्षं छावणी टाकून बसला होता. १८१८च्या फेब्रुवारीत अष्टीला बापू गोखले पडले आणि पेशवाईचा शेवट जवळ आला. तेव्हाही सोलापुरात कुणीतरी “मी तर आधीच म्हणलो होतो” म्हणालंच असेल, याविषयी मला शंका नाही.

परक्याच्या युद्धात खरोखर गेलेला सोलापूरकर मात्र एकच सर्वांना आठवतो. भैया चौकातल्या स्मारकावरून रोज जाता ना? ते डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१०ला इथं जन्मले, १९३८ला पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये गेले. १९४०च्या एका लढाईत बहात्तर तास न झोपता शस्त्रक्रिया करून त्यांनी आठशेवर जखमींवर उपचार केले, असं सांगतात. ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथंच गेले. जखमी हा आकडा नसून टेबलावर झोपवायचा माणूस असतो, हे या गावात सांगायला बाहेरून कुणी यायची गरज नाही.

आणि सगळ्यात मोठी बदनामी शेवटी सांगतो. हे रणनीतिकार मोठे हुशार! कुणाची बगल उघडी पडली, कुणाची रसद तुटली, सगळं यांना दिसतं. पण भारत रशियाचं तेल घेतो म्हणून अमेरिकेनं जादा २५ टक्के आयातशुल्क लावलं आणि २७ ऑगस्ट २०२५पासून ते एकूण ५० टक्के झालं, तेव्हा ज्या टॉवेलावर हे नीपर नदी दाखवत होते, तोच निर्यात होणारा टॉवेल माऱ्यात आला होता. आघाडी पोक्रोव्स्कहून थेट अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत शिरली, आणि आमचे सरसेनापती दोनबासवर नजर लावून बसलेले!

तरी चर्चा बंद करा असं मी म्हणणार नाही. केली तर तलावावर बोलायला गुडघेच उरतील. एकच नियम करू. कुणी आकडा फेकला की दोन प्रश्न विचारायचे: मोजला कुणी, आणि त्यात जखमी धरलेत का? उत्तर न देता जो पुढं बोलेल, त्यानं त्या दिवशीचं सगळ्यांच्या चहाचं बिल भरायचं. महिन्याभरात युद्ध थांबेल की नाही ठाऊक नाही, पण कट्ट्यावरची हानी निम्म्यानं कमी होईल, एवढं नक्की.